खानसाहेब, बाजूला व्हा

शिवजयंतीच्या मिरवणुकीत यंदा सरनोबत व्हायचं माझ्या मनात होतं. मिशी राखली, आरशापुढे भुवया चढवून झाल्या. ड्रेसवाल्याने टेप न लावताच निकाल दिला, "सर, मावळ्यातलं तुम्हाला काहीच बसत नाही. अफजलखान बसंल बघा. दाढी फुकट देतो." बायको म्हणाली, "अहो, घ्या. पोट तरी आत ओढायला नको."

तसा माझा आक्षेप खानाला नाहीच. प्रतापगड तिकडे साताऱ्यात, पण आपल्या गेवराई तालुक्याला स्वतःची लढाई आहे, तिचा देखावा कोण करणार? राक्षसभुवनला लोक शनीला तेल वाहायला जातात आणि परततात. तिथेच १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी निजाम अलीची फौज बुडाली. आदल्याच वर्षी निजामाच्या मदतीने पुतण्याला नमवणारे राघोबादादा ऐन लढाईत वेढले गेले आणि त्याच पुतण्याने, अठरा वर्षांच्या माधवरावांनी, त्यांना सोडवलं. (काका-पुतण्यांचं आमच्या जिल्ह्याला कौतुक सांगायला नको.) निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. खुद्द निजाम आधीच पैलतीरावर गेलेला. गोदावरीला पूर, त्यामुळे मदत पाठवता येईना. आपली फौज कापली जाताना तो नुसता बघत राहिला. हे काम मला किती शोभलं असतं! खुर्ची टाकून बसायचं आणि हळहळायचं. चहाच्या टपरीवर हे सगळं मी इतक्यांदा सांगितलंय की मला बघताच लोक बिल देऊन उठतात.

मिरवणुकीत मात्र माझा भाव वधारला. गल्लीतलं प्रत्येक पोर प्लॅस्टिकची वाघनखं माझ्या पोटात खुपसून फोटो काढून घेत होतं. दाढीच्या गोंदाने गाल चरचरत होते, तरी मी दर वेळी नव्या दमाने कोसळत होतो.

चौकात शाळेतल्या एका मुलीचा दांडपट्टा होता. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबळ्यात असते, मनगट वळतच नाही. सगळा फिरवा खांद्यातून काढावा लागतो. तिने जमिनीवर लिंबू ठेवलं. तेवढ्यात मागून डीजे आला आणि त्याच्या हादऱ्याने लिंबू घरंगळलं. तिने ते पुन्हा ठेवलं, ते पुन्हा घरंगळलं. पट्टा तोलून तिचा हात थरथरायला लागला होता. २०२४ मध्ये याच दांडपट्ट्याला सरकारने राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलंय. मी तसाच, दाढीसकट, डीजेवाल्याकडे गेलो आणि आवाज बंद करायला सांगितला. तो म्हणाला, "खानसाहेब, बाजूला व्हा."

शेवटी तिने लिंबू पायाच्या अंगठ्याने अडवलं, पाय काढता काढता पट्टा फिरवला आणि बरोबर दोन फाकी केल्या. बघायला मी आणि तिची आई. बाकी सगळे मोबाईल डीजेच्या लायटिंगकडे.

मंडळाला सांगणं एवढंच: पुढच्या वर्षी पट्टा चालेल तेवढा वेळ डीजे बंद ठेवा, वर्गणी मी वाढवून देतो. आणि राक्षसभुवनचा देखावा करणार असाल तर निजामाचं माप आत्ताच घेऊन ठेवा.