नोटिशीचा खर्च

भुसावळात धंद्याला कर्ज काढायचं तर एक वेळ धंदा नसला तरी चालतं, रेल्वेतला जामीनदार मात्र लागतो. पगारपत्रक, दोन फोटो, पेन्सिलीनं फुली मारलेल्या जागी सह्या. "नुसती फॉर्म्यालिटी आहे भो," असं कर्जदार म्हणतो. कागद कोणी वाचायला देत नाही, आणि चहा आलेला असल्यामुळे कोणी मागतही नाही. मग ऐन मे महिन्यात क्वार्टरवर पोचपावतीचं पाकीट येतं: 'माझे अशिलाचे सांगणेवरून तुम्हांस नोटीस देण्यात येते की...'

मधला मजकूर सोडा, तो सगळ्यांना सारखाच असतो. खाली, सहीच्या वर बघा: 'सदर नोटिशीचा खर्च रु. 2,500 तुमचेवर बसविण्यात आला आहे.' म्हणजे दम देणाऱ्याची फी दम खाणाऱ्यानं भरायची. फलाटावरचा पाकीटमारसुद्धा ब्लेडचे पैसे वेगळे मागत नाही.

बरं, एकदाच भरून सुटका नाही. ह्याच वकीलसाहेबांनी कर्ज देताना तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला, फी कर्जदाराची. गहाणखत केलं, फी कर्जदाराची. आता हप्ते थकले, तर मसुदा एक, नाव बदलून पाकिटं तीन: कर्जदाराला एक, जामीनदारांना दोन, आणि खर्च तिन्हींवर. पाकीट 'घर बंद' असा शेरा घेऊन परत गेलं की पुन्हा नोटीस, पुन्हा खर्च. हा खर्च कर्जखात्यात नावे पडतो आणि पुढच्या महिन्यापासून त्यालाही व्याज लागतं. मुद्दल दुकानासाठी घेतलं होतं की नोटिशींसाठी, हे खातेउतारा बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. घाबरलेला जामीनदार कायद्याची मदत शोधत कोर्टाच्या आवारात त्याच साहेबांपुढे उभा राहतो. साहेब प्रामाणिक. "मी कर्ज देणाऱ्यांच्या पॅनलवर आहे, तुमचं काम माझा ज्युनिअर बघेल."

करार कायदा 1872 चा. त्याचं कलम 128 सांगतं, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. हे सही घेताना सांगायला कोणाची जीभ झडते? आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 नोटिशीत कधी का नसतं? कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. एका हुकूमनाम्यापोटी पगाराची जप्ती 24 महिन्यांच्या पुढे चालत नाही. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही. अडीच हजारांत एवढ्या चार ओळी बसत नाहीत? 'सर्व मिळकत जप्त होईल' तेवढं बरोबर बसतं, तेही ठळक अक्षरांत! पोरीचं लग्न तोंडावर आलेला माणूस ते वाचतो आणि फंडातून पैसे काढून भरून टाकतो.

भरल्यावर ज्युनिअरसाहेब करार कायद्याचं कलम 145 काढतात. आता हा पैसा कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क तुमचा, अप्पा. लगेच नोटीस पाठवू.

"तिचा खर्च त्याच्यावरच ना?"

"हो तर. सध्या तुम्ही भरून ठेवा."