सतरा सीटर, पुशबॅक

डोंबिवलीतल्या पंधरा-सोळा माणसांनी एक रात्र मुंबईत भटकायचं ठरवलं, की पहिला प्रश्न मुंबईचा नसतो, सीटांचा असतो. टेंपो ट्रॅव्हलर 13 सीटर मिळते, 17 मिळते, 20 आणि 26 सुद्धा मिळते. ग्रुपचा आकडा मात्र यातल्या कुठल्याच आकड्यावर चार तास टिकत नाही. ‘नक्की’ म्हणणारे थोडेच असतात. बाकीचे ‘बघतो’, ‘ऐनवेळी कळवतो’ आणि ‘हिला विचारून सांगतो’. एकजण नुसताच अंगठा टाकतो. तो अंगठा ‘येतो’चा आहे की ‘वाचलं’चा, हे गाडी सुटेपर्यंत उलगडत नाही.

प्रत्येक ग्रुपात हे सगळं जुळवणारा एक माणूस असतो. त्याला कोणी नेमलेलं नसतं. एकदा कधीतरी त्याने लग्नासाठी गाडी ठरवलेली असते, तेवढ्या पुण्याईवर तो जन्मभर गाड्या ठरवत राहतो. गाडीवाल्याची भाषा त्यालाच कळते. गाडीवाला फोनवर श्वास न घेता म्हणतो, “आठ तास, ऐंशी किलोमीटर. पुढे तासाला न् किलोमीटरला एक्स्ट्रा. टोल-पार्किंग तुमचं. ड्रायव्हर भत्ता वेगळा. गॅरेज टू गॅरेज.” डोंबिवलीहून गेटवेला नुसतं जाऊन यायचं म्हटलं तरी ऐंशी किलोमीटर पुरत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक असतं. गॅरेज टू गॅरेज म्हणजे घड्याळ आपल्या नव्हे, त्याच्या दारात सुरू होणार आणि तिथेच थांबणार. तरीही आपला माणूस “शेवटचं काय ते सांगा” असं विचारतो. गाडीवाला मग पुशबॅक सीट आहेत म्हणून सांगतो. भाव उतरत नाही, पाठ तेवढी टेकते.

याच सुमारास ग्रुपातली तरुण मंडळी पार्टी बसचा फोटो टाकतात. आत निळे-जांभळे दिवे, बाकं भिंतीला लावलेली, मधोमध नाचायला मोकळी जागा आणि धरायला एक चकचकीत उभा दांडा. हा दांडा पाहून आमच्याकडच्या एका वहिनींनी लिहिलं, “असला दांडा मी रोज आठ-बाराच्या लोकलला धरते. त्याचे वेगळे पैसे?” विषय जवळजवळ तिथेच मिटला. उरलेला कायद्याने मिटवला. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52: गाडी जशी नोंदवली त्यापेक्षा वेगळी करायची असेल तर आधी परवानगी लागते. ग्रुपात एक निवृत्त सरकारी अधिकारी असला की अशी कलमं आपोआप बाहेर पडतात. त्यांनीच पुढे आठवण करून दिली, की महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आणि दारू बाळगायला, न्यायला, प्यायला रीतसर परवाना लागतो; अगदी एका दिवसाचासुद्धा मिळतो. पार्टीतली हवा काढायला एवढं पुरेसं होतं. कोकम सरबताचा ठराव एकमताने मंजूर झाला, निदान सगळ्यांच्या देखत तरी.

तसं पाहिलं तर सगळ्यांनी मिळून गाडी ठरवायचं हे प्रकरण आपल्याला नवीन नाही. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि पुढे कपाळावर ‘प्रासंगिक करार’ अशी पाटी मिरवणाऱ्या तिच्या लाल बहिणींनी किती वऱ्हाडं, किती शाळांच्या सहली वाहिल्या याची गणती नाही. त्या गाडीत निळे दिवे नव्हते. मागच्या बाकावर बसलेला माणूस मात्र प्रत्येक खड्ड्याला नाचायचाच. मुंबईला बसची सवय त्याहून जुनी. अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस 15 जुलै 1926 ची. रात्रीची मुंबई वारा खात दाखवणारी, उघड्या छताची ‘नीलांबरी’ही होती. ती दुमजली गाडी 2023 च्या ऑक्टोबरात थकून निवृत्त झाली. नव्या दुमजली गाड्या वातानुकूलित आहेत, म्हणजे वारा आहे, पण बेस्टने ठरवून दिलेला. तेव्हा ज्याला आपल्या मनाने थांबत, आपली माणसं बरोबर घेऊन रात्री शहर फिरायचं आहे, त्याने टेंपो ट्रॅव्हलर ठरवावी, हे ओघानेच आलं.

सातची गाडी आठला निघते. शिळफाट्याला पहिला डबा उघडतो. गंमत अशी की घरून जेवून निघालेला माणूस बाकरवडी दुप्पट खातो. ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह आणि तरुणांचा ब्लूटूथ यांच्यात ठाण्यापर्यंत लढाई चालते, आणि मग दोघांनाही बाजूला सारून अंताक्षरी सुरू होते. अंताक्षरीत ‘ठ’ आला की गाडीत भीषण शांतता पसरते. तेवढ्यात सीएसएमटी येऊन जातं. 1888 साली पुरी झालेली स्टीव्हन्ससाहेबाची ती इमारत त्या रात्री तिरंगी उजेडात न्हालेली असते, आणि निवृत्त अधिकारी सांगू लागतात, “ही 2004 ला युनेस्कोच्या यादीत गेली.” त्यांच्यापर्यंत फक्त चकलीचा डबा पोहोचतो. मरीन ड्राइव्हवर ते पुन्हा प्रयत्न करतात: ही गोल कोपऱ्यांची आर्ट डेको घरं, 2018, हीसुद्धा युनेस्को. मागून कोणीतरी विचारतं, “युनेस्कोचं राहू द्या, पार्किंग मिळेल का?”

मिळत नाही. मरीन ड्राइव्हवर 17 सीटर उभी करायला जागा शोधण्यापेक्षा तिथे फ्लॅट शोधणं सोपं असावं. ड्रायव्हर म्हणतो, “साहेब, तुम्ही उतरा, मी फेरी मारतो.” मग सोळा माणसं कठड्यावर ओळीने बसतात, समुद्राकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून. आपली गाडी केव्हा येते हे बघायला. पुढे कोस्टल रोड. मलबार हिलखालच्या, दोन किलोमीटरच्या बोगद्यातून जाताना प्रत्येकजण विचारतो, “आत्ता आपण समुद्राखाली आहोत का?” सागरी सेतूवर फोटोसाठी एक मिनिट थांबायची विनंती होते. तिथे थांबायला मनाई आहे. ड्रायव्हर नाही म्हणतो तेही अशा प्रेमाने, की विनंती करणाऱ्याला आपणच मनाई केल्यासारखं वाटावं.

मला या साऱ्यात एक गोष्ट नेहमी दिसते: खिडकीबाहेर कोणी फारसं बघत नाही. सीट पुशबॅक असूनही सगळे पुढे झुकून, वळून, गुडघे सीटवर घेऊन एकमेकांकडे तोंड करून बसलेले. आणि त्यात नवल नाही. आमच्यापैकी कोणाच्याही घरी सोळा माणसं एका वेळी बसू शकत नाहीत. बसली तर चहा घेऊन येणाऱ्याला आत यायला वाट उरत नाही. हॉटेलात गेलो तर तीन टेबलांवर वाटून टाकतात, आणि दुसऱ्या टेबलावर काय हसले हे तिसऱ्याला घरी परतल्यावर कळतं. लोकलमध्ये आमचे ग्रुप आहेत, रोजचे, पक्के. पण नवऱ्याचा ग्रुप जनरल डब्यातला आणि बायकोचा लेडीज डब्यातला. वर्षानुवर्षं एकाच गाडीने जाऊन या दोन डब्यांची एकमेकांशी ओळख नसते. घरी जो माणूस सोफ्यावर मुका बसतो, तो जनरल डब्यात भजनाला टाळ धरतो, हे त्याच्या बायकोला या भाड्याच्या गाडीत समजलं. लेडीज डब्यात नकलांसाठी कोण प्रसिद्ध आहे हे नवऱ्यांनाही तिथेच समजलं. काही नवऱ्यांना नक्कल कोणाची चालली आहे हे ओळखायला जरा वेळ लागला. तासाच्या भावाने घेतलेली ही आमची बैठकीची खोली; तिला चाकं आहेत ही निव्वळ सोय.

शहर खरं बघतो तो ड्रायव्हर. आमचे ड्रायव्हरदादा जुन्नरकडचे. कुठल्या सिग्नलला पोलीस पावती फाडतो, कुठल्या गल्लीत 17 सीटर वळते, पहाटे दोनला चांगला चहा कुठे मिळतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. गाडीत सोळा जण असताना ते एकटे असतात, म्हणून दर अर्ध्या तासाने कोणीतरी अपराधी वाटून “दादा, काही खाल्लंत का?” असं विचारतं. त्यांच्यापुढच्या डॅशबोर्डावर, गणपतीच्या शेजारी, बाकरवड्यांचा ढीग साचतो. अंताक्षरी ठाण्यापासून कान देऊन ऐकणारेही तेच एकटे. वांद्र्याजवळ पुन्हा ‘ठ’ आला आणि सगळे अडले, तेव्हा पुढून त्यांनी, मान न वळवता, एक गाणं सुरू केलं. कोणालाच माहीत नसलेलं. ते त्यांनी तिथल्या तिथे रचलं असावं असा माझा संशय आहे, पण त्यांच्या संघाला गुण देण्यात आले. त्या संघात ते एकटेच होते.

पहाटे गाडी सोसायटीच्या गेटाशी लागते. ड्रायव्हर इंजिन बंद करतो, आतले दिवे लावतो, दार उघडतो. कोणी उठत नाही. निरोप सुरू झालेले असतात, त्यातून एक जुना विषय निघतो, मग उरलेली इडली कोणी न्यायची यावर चर्चा, मग कोणाच्या तरी मामेबहिणीच्या लग्नाची बातमी, जी आठ तास सांगायची राहून गेली होती. गाडी ठरवणारा माणूस एकटा अस्वस्थ. त्याला जास्तीचे तास मोजता येतात. “अहो, उतरा, खाली उभं राहून बोला!” असं तो ओरडतो. खाली उभं राहून बोललं तर गेटावरचा वॉचमन ऐकतो आणि पहिल्या मजल्यावरचे काका खिडकी उघडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी तो ड्रायव्हरकडे वळून म्हणतो, “दादा, तुम्ही तरी सांगा यांना.”

“बोलू द्या की साहेब,” दादा स्टिअरिंगवर डोकं टेकवून म्हणतात, “गॅरेज टू गॅरेज आहे.”