खिडकीकडची खुर्ची

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस पॅरिसमध्ये, आयफेल टॉवर दिसेल अशा रेस्टॉरंटात जेवून साजरा करायचा असं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. या विषयाचा मी सखोल अभ्यास केला आहे. अभ्यास म्हणजे एकदाच, एकाच संध्याकाळी, आणि क्रेडिट कार्डाचा नंबर आधीच देऊन बसल्यामुळे माघार घेता येत नव्हती म्हणून. पण एकदा घराला रंग काढून घेतलेला माणूस जन्मभर शेजाऱ्यांना डिस्टेंपरविषयी सल्ला देत असतो, त्या न्यायाने माझा अधिकार सिद्ध आहे.

प्रथम ‘व्ह्यू’ म्हणजे काय ते समजून घ्यावं. आम्हा ठाणेकरांना हे शिकवायला नको. बिल्डरच्या रंगीत पत्रकात ‘क्रीक व्ह्यू’ लिहिलेलं असतं, आणि ताबा मिळाल्यावर कळतं की खाडी आहे, पण ती न्हाणीघराच्या खिडकीतून, बादली पालथी घालून तिच्यावर चढलं तर. पॅरिसमध्ये बादली मिळत नाही, एवढाच फरक. जाहिरातीतला फोटो बाल्कनीच्या कठड्यावरून वाकून काढलेला असतो. आपण टेबलाशी बसलो की दोन धुराड्यांच्या मधे मनोऱ्याचा वरचा तिसरा हिस्सा दिसतो. तेवढ्यालाही व्ह्यूच म्हणतात आणि बिल पूर्ण मनोऱ्याचं लागतं.

पॅरिस हे बुटकं शहर आहे, हेही लक्षात घ्यावं. १९७३ साली तिथे माँपार्नास टॉवर नावाचा २१० मीटरांचा काळाकभिन्न ठोकळा उभा राहिला. तो लोकांना इतका खुपला की १९७७ मध्ये शहरातल्या नव्या इमारतींना ३७ मीटरांची मर्यादा घातली गेली. त्यामुळे तिथे सहावा मजला म्हणजे कैलास. माँपार्नासच्या गच्चीवरून शहर सर्वात सुंदर दिसतं, कारण तिथून माँपार्नास दिसत नाही, असं तिथले लोक म्हणतात. हा विनोद त्यांनी जुन्या मालातून काढलेला आहे. मुळात तो आयफेल टॉवरवरचा. मनोरा बांधायला घेतला तेव्हा नामवंत लेखक-कलावंतांनी त्याविरुद्ध जाहीर पत्रक काढलं होतं, त्यावर कथाकार मोपासाँचीही सही होती. पत्रक वर्तमानपत्रात छापून आलं ते १४ फेब्रुवारी १८८७ रोजी. आज त्याच तारखेला त्याच मनोऱ्यासमोर गुडघे टेकायला जगभरातून माणसं येतात. तर हा मोपासाँ पुढे मनोऱ्यावरच्याच उपाहारगृहात जेवायला जायचा अशी आख्यायिका आहे. का, तर मनोरा न दिसणारी पॅरिसमधली ती एकच जागा.

आख्यायिकेतलं तत्त्व मात्र व्यवहारात आणावं. मनोऱ्याच्या दुसऱ्या मजल्यावर, १२५ मीटर उंचीवर ‘ल जूल व्हेर्न’ नावाचं महागडं रेस्टॉरंट १९८३ पासून आहे. तिथे बसून सगळं दिसतं, मनोरा सोडून. नातेवाइकांना दाखवायच्या फोटोत मागे नुसतेच लोखंडाचे पट्टे येतात, ते आमच्याकडच्या पत्री पुलावरही येतात. दुसरं प्रख्यात ठिकाण सेन नदीकाठचं ‘तूर द’आर्जाँ’. तिथून नोत्र दाम दिसतं. तिथलं वैशिष्ट्य बदक. १८९० पासून तिथे प्रत्येक बदकाला अनुक्रमांक आहे, आणि बदक खाणाऱ्याला त्या क्रमांकाचं कार्ड मिळतं. बदक आधी भाजतात, मग त्याचा सांगाडा चांदीच्या यंत्रात उसासारखा पिळून त्या रसाचं सार करतात. हे वर्णन मी हिला उत्साहाने वाचून दाखवलं. ही म्हणाली, “अहो, नंबर लावून मारतात?” तो विषय तिथेच मिटला.

शेवटी डाव्या तीरावरचं एक वरच्या मजल्यावरचं रेस्टॉरंट निवडलं. त्याचं नाव सांगत नाही, त्यांची काही चूक नव्हती. रात्री आठचं टेबल, खिडकीशी, पश्चिमाभिमुख, मनोरा समोर. जून महिना. यातली प्रत्येक बाब चुकलेली आहे. ती कशी, ते पाहू.

जूनमध्ये पॅरिसला सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. शहर जवळजवळ ग्रिनिचच्या रेषेवर, पण घड्याळ जर्मनीचं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ते पुढे केलं, ते गेले तरी घड्याळ मागे आलं नाही, आणि वर उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. म्हणजे आठ वाजता पश्चिमेकडे तोंड करून बसणं हे आपल्याकडे दुपारी चारला गच्चीवर पापड राखत बसण्यासारखं आहे. खिडकीजवळची सगळी जोडपी कपाळावर आडवा हात धरून एकमेकांकडे प्रेमाने बघत होती. साडेआठला वेटरने सगळ्यांची दया येऊन पडदा खाली ओढला. जाड, पिठूर रंगाचा, उत्तम प्रतीचा पडदा. ज्याचे पैसे भरले होते ते सगळं त्याच्या पलीकडे. डिसेंबरात जावं, तेव्हा पाचच्या आतच सूर्य मावळतो, हे मला आता कळलंय. तेव्हा काचेवर वाफ धरत असेल, पण वाफ रुमालाने पुसता येते.

आता खुर्चीचा प्रश्न, आणि या विषयाचा सगळा गाभा इथेच आहे. टेबल दोघांचं, व्ह्यू एक. समोरासमोर बसायचं म्हणजे एकाची खिडकीकडे पाठ होणार. तिकडचा रिवाज असा की चांगली बाजू बाईंना. वेटरने खुर्ची ओढून हिला पडद्याकडे तोंड करून बसवलं. माझ्या वाट्याला स्वयंपाकघराचं झुलतं दार आलं. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर मी ‘बस तूच’ म्हणालो, तर हीही ‘नाही, तुम्हीच’ म्हणाली, आणि आम्ही तीन वेळा उठबस केली. शेजारच्या टेबलावरच्यांना ती काही प्रार्थना वाटली असावी.

खाण्याविषयी फार लिहीत नाही, पण शब्द जपून वापरावेत. ‘मेन्यू’ मागितलात तर ठरावीक जेवण येईल, यादी हवी असेल तर ‘कार्त’ म्हणावं. कांद्याचं सूप ऐकायला शाकाहारी वाटतं, पण त्यात बहुधा गोमांसाचं पाणी असतं. सॅलडवर खारवलेल्या डुकराचे बारके तुकडे कोथिंबीर भुरभुरावी तसे भुरभुरलेले असतात. साधं पाणी मात्र फुकट मिळतं, ‘कराफ द’ओ’ म्हणायचं. नुसतं ‘पाणी’ म्हणालात तर बाटली उघडली जाते आणि तीही बुडबुड्यांची.

आमच्या बाबतीत पाणी फार महत्त्वाचं ठरलं, कारण त्या दिवशी संकष्टी होती.

टेबल मी फेब्रुवारीत राखून ठेवलं होतं. हिने कालनिर्णयचं पान उलटलं ते जूनमध्ये. हिचा उपास चंद्र बघून सुटतो. परदेशात तिथी लागू होत नाही, तिला व्हिसा लागतो, वगैरे युक्तिवाद मी करून पाहिला. “बाप्पाला लागत नाही,” एवढंच उत्तर आलं. कालनिर्णयात चंद्रोदय दहा-साडेदहाचा होता, पण तो मुंबईचा. पॅरिसचा मोबाइलवर बघितला, तर मध्यरात्र उलटून गेल्यावर! तेव्हा रोमँटिक रेस्टॉरंट निवडताना पंचांग आधी बघावं आणि चंद्र कोणत्या बाजूला उगवतो तेही बघावं. मनोरा पश्चिमेला, चंद्र आग्नेयेला, म्हणजे माझ्या तोंडासमोर, स्वयंपाकघराच्या मागे.

वेटरला हे समजावणं हे पर्यटन खात्याने परीक्षेत घालावं असं काम आहे. मी आधी “मादाम, नो डिनर” म्हणालो. त्याचा चेहरा पडला. मग “मादाम, मून” म्हणालो आणि वर बोट केलं. तो छताकडे बघत राहिला. बटाटे चालतात, असं हिने सुचवलं. चौकशी केली तर ते बदकाच्या चरबीत परतलेले. शेवटी स्ट्रॉबेऱ्या आल्या. पांढऱ्या बशीत बारा, मी मोजल्या. लांबट, निमुळत्या, आणि चवीला खरंच अप्रतिम. तेवढ्या पैशांत महाबळेश्वरला वाफ्यासकट मिळाल्या असत्या, हे मी मनात म्हणालो. माझ्यापुढे शतावरीचे नऊ देठ होते. संकष्टीला मीही मासे-मटण खात नाही, हे मला तोवर विसरायला झालं होतं. हिने आठवण करून दिली.

साडेनऊला जेवण संपलं. बिल येईना. हे भाडेकरूसारखे कधी उठतात असं त्यांना झालं असेल या धाकात आम्ही होतो, आणि आपण मागितल्याशिवाय बिल आणणं हा तिकडे उद्धटपणा, या धाकात ते. बिलाला ‘लादिस्याँ’ म्हणतात, हे मला माहीत नव्हतं. त्या अज्ञानापायी आम्ही आणखी तास-सव्वातास रिकाम्या टेबलाशी बसून राहिलो. दहानंतर कुणीतरी पडदा वर केला. मी स्वयंपाकघराच्या दाराकडेच बघत होतो, तेवढ्यात ही एकदम गप्प झाली. वर पाहिलं तर हिच्या चष्म्याच्या दोन काचांत दोन मनोरे पेटलेले होते. सोनेरी, नखाएवढे, आणि पूर्ण. धुराडी कुठे गेली होती कोण जाणे. मागे वळून खरा मनोरा बघावा असं मला सुचलंच नाही. हिने मान कलती केली की तेही कलंडायचे.

बिलाचा आकडा सांगत नाही. सेवेचे पैसे त्यातच धरलेले असतात, वर टिप देणं ऐच्छिक आहे, तरी मी दिली. वेटर जाताना खिडकीशी गेला, आकाशाकडे बघितलं आणि हिच्याकडे वळून गंभीरपणे मान हलवली. अजून नाही.

मग बारापर्यंत कोपऱ्यावरच्या एका कॅफेत बसलो. पॅरिसच्या कॅफेत फुटपाथवरच्या वेताच्या खुर्च्या समोरासमोर नसतात. शेजारी-शेजारी असतात, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे, नाटकाला बसल्यासारखी. खुर्चीचा प्रश्न इतका सोपा होता. दोन कॉफ्यांमध्ये एक कुत्रं, भांडणारं एक जोडपं आणि व्हायोलिनची पेटी सायकलला बांधून चाललेला म्हातारा, एवढा व्ह्यू मिळाला. अकराला पलीकडच्या इमारतींच्या वर लखलखाट झाला, मनोऱ्यावरचे २०,००० दिवे दर तासाला पाच मिनिटं तसे चमकतात. आम्हाला दिसली ती नुसती ढगावरची उजेडाची थरथर. ३७ मीटरांचा नियम करणाऱ्यांनी सहा मजली घरांच्या गल्लीत चंद्र कसा दिसणार याचा विचार केलेला नाही.

म्हणून उठून सुली पुलावर गेलो. सेन नदी शहरात आग्नेयेकडून येते, तेवढीच दिशा तिथे मोकळी असते. पाऊण वाजला असेल. पाण्याच्या टोकाला, गोदामांच्या छपरांवर आधी तांबूस फट दिसली, मग एका बाजूने खाल्लेला चंद्र वर आला. हिने चपला बाजूला काढल्या, हात जोडले, पुटपुटली. बाजूने जाणारा एक तरुण थबकला, त्यानेही चंद्राकडे बघितलं आणि काही न विचारता पुढे गेला. पर्समधून राजगिऱ्याचा लाडू निघाला. अर्धा मला मिळाला.

“मनोरा कुठे हो इथून?” हिने विचारलं.

“मागे असेल,” मी म्हणालो. शेवटची मेट्रो चुकेल म्हणून आम्ही दोघं भरभर चालायला लागलो.