अनुभवाचे बोल

'स्टीम' या ऑनलाइन दुकानात व्हिडिओ गेमवर मत द्यायचं तर अंगठा वर किंवा अंगठा खाली, एवढेच दोन पर्याय. शेजारी तुम्ही तो गेम किती तास खेळलात, हेही झळकतं. ही सोय करणाऱ्याचे उपकार मानावे तेवढे थोडे, कारण तिच्यामुळेच आम्हाला खऱ्या समीक्षकाची ओळख पटली. नमुना असा: खेळलेले तास ३०००, अंगठा खाली, आणि वर जगाला सल्ला की गेम भिकार आहे, वेळ वाया घालवू नका.

३००० तास म्हणजे रोज आठ तासांची हजेरी लावून, रविवार नाही की दिवाळी नाही, सलग ३७५ दिवस. एवढी तपश्चर्या करून कंटाळा सिद्ध करणं म्हणजे काय खायचं काम आहे? उतावळ्यांची सोय दुकानाने केलेलीच आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळून गेम परत करा, पैसे परत मागा. पण दोन तासांत ज्याला नावड कळते, त्याच्या मताला वजन ते काय!

आमची तर शासनाला विनंती आहे की हाच दंडक सर्वत्र लागू करावा. नाटक रटाळ म्हणणाऱ्याने आधी शंभर प्रयोगांची तिकिटं जोडावीत, साक्षांकित करून.

आणखी एक. मत देतानाचे तास आणि आजवरचे एकूण तास, असे दोन्ही आकडे तिथे दिसतात. आमच्या समीक्षकाचा पहिला आकडा ३०००. दुसरा लिहून घेईपर्यंत वाढलेला असतो.