घरच्या बियाचा फोन

(जालन्यात गांधी चमनजवळचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. काउंटरवर फुटक्या डिस्प्लेंचा ढीग, हॉट एअर गन, थंड झालेला चहा. आत कारागीर, वय पंचविशीच्या आतलं. बाहेर मोसंबीचा बागाईतदार, वय साठीच्या पलीकडचं.)

कारागीर: बोला मामा. डिस्प्ले गेला का चार्जिंग?

बागाईतदार: काहीच गेलं नाही, तेच तर दुखणं आहे. काच शाबूत, बॅटरी बदलून घेतली, आवाज शेजारच्या शेतात जातो. आणि एकेक ॲप म्हणतं, तुमचा फोन जुना, आम्ही यात बसत नाही.

कारागीर: (फोन पालथा करून) रेडमी नोट 4. जानेवारी 2017 चा माल. आला तेव्हा अँड्रॉइड 6 होतं, 7 मिळालं आणि तिथंच गाडी थांबली. पुढचं काही आलंच नाही.

बागाईतदार: कामून? फोनमध्ये दम नाही का?

कारागीर: दम लई आहे. पण कंपनीला नवा फोन विकायचाय का तुमचा जुना सांभाळायचाय?

बागाईतदार: कळलं. बियाण्याच्या पाकिटाची गोष्ट आहे ही. हायब्रीड पेरलं, पीक जोरात आलं, पण त्यातलं राखून पुढच्या साली पेरलं तर पहिल्यासारखं येत नाही. पुन्हा दुकानात.

कारागीर: जालन्याच्या माणसाला हे मी काय सांगणार? बारवाले साहेबांनी 1964 ला महिको ही बियाण्याची कंपनी इथंच काढली.

बागाईतदार: त्यांना नावं ठेवू नकोस हां. हायब्रीडच्या जिवावरच आमच्या बापानं विहीर बांधली.

कारागीर: नावं कोण ठेवतंय? फोनसुद्धा चांगलाच होता की. भांडण पुढच्या सालाचं आहे. तर मामा, आता घरच्या बियाचं ऐका. 1991 ला फिनलंडच्या एका पोरानं, लिनस टोरवाल्ड्सनं, लिनक्स लिहिलं. कॉलेजात होता तेव्हा.

बागाईतदार: आमचा पण कॉलेजातच आहे. अजून काही लिहिलं नाही त्यानं.

कारागीर: त्या लिनक्सची अट अशी की न्या, पेरा, सुधारा, वाटा. फक्त दुसऱ्याला वाटलंत तर त्याची कृतीसुद्धा उघडी करून द्या. तुमच्या अँड्रॉइडच्या बुडाशी तेच बी आहे. म्हणून फोन विकणाऱ्या कंपनीला निदान तेवढा भाग जगाला दाखवावा लागतो. तो घेऊन जगभरची पोरं जुन्या फोनांसाठी नवी सिस्टीम बांधतात, फुकट. आधी सायनोजेनमॉड म्हणून होती. डिसेंबर 2016 ला तिची कंपनी गुंडाळली, तर त्याच महिन्यात त्याच पोरांनी लिनिएजओएस नावानं पुन्हा पेरणी केली.

बागाईतदार: मग मार की ते सॉफ्टवेअर. किती घेशील?

कारागीर: पैशाचं नंतर. आधी कुलूप काढावं लागेल. बूटलोडर म्हणतात. फोन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा लहानसा प्रोग्रॅम. कंपनीची सही नसलेली सिस्टीम तो सुरूच होऊ देत नाही. हे बघा, आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर, दोन्ही दाबून धरतो.

(फोन थरथरतो. पडद्यावर कानटोपी घातलेला ससा येतो. समोर हिरवा रोबोट, आणि ससा त्याच्या अंगाशी काहीतरी खटपट करतोय.)

बागाईतदार: हा कोण?

कारागीर: ससा. रोबोट दुरुस्त करतोय.

बागाईतदार: म्हणजे कंपनीनं स्वतःच चित्र काढून ठेवलंय की हा फोन खोलून दुरुस्त होतो?

कारागीर: चित्र काढलंय, पण परवानगी मागावी लागते. त्यांच्या साइटवर खातं, त्याला तुमचं सिम जोडायचं, अर्ज करायचा आणि मग 168 तास वाट बघायची.

बागाईतदार: सात दिवस! माझ्याच फोनसाठी? विकताना सात मिनिटं लागली नाहीत त्यांना.

कारागीर: चोराच्या हाती फोन लागला तर त्याला लगेच उघडता येऊ नये, असं कारण देतात.

बागाईतदार: चोर सात दिवस थांबत नाही का? आमच्या मोटारीची केबल नेली तेव्हा महिनाभर पाळत ठेवली होती त्यानं.

कारागीर: आणि कुलूप उघडलं की आतलं सगळं पुसलं जातं. फोटो, नंबर, सगळं.

बागाईतदार: नातवाचं बारसं आहे त्यात!

कारागीर: म्हणून आधी बॅकअप. आता खरी अडचण ऐका. कुलूप उघडं असलं की बऱ्याच बँकांची ॲप चालत नाहीत. यूपीआयचं तसंच. गूगलची एक तपासणी आहे, प्ले इंटिग्रिटी. ती फोनला विचारते, तुझं कुलूप कंपनीचं आहे का? नाही म्हटलं की ॲप तोंड फिरवतं.

बागाईतदार: थांब. आत्ता माझ्या फोनमध्ये किती वर्षांपासून अपडेट नाही?

कारागीर: सुरक्षेचं म्हणाल तर कैक वर्षं.

बागाईतदार: म्हणजे भिंतीला भगदाडं पडलेली. आणि बँकेला तो चालतो?

कारागीर: ॲपला तेवढं जुनं अँड्रॉइड चालत असेल तोवर चालतो. कुलूप कंपनीचं आहे ना.

बागाईतदार: आणि तू नवी सिस्टीम टाकलीस, भगदाडं बुजवलीस, तर चालत नाही?

कारागीर: नाही. कुलूप तुम्ही उघडलंय ना.

(इथं लेखकाला राहवत नाही. बँकेची बाजूही अगदी टाकाऊ नाही. उघड्या बूटलोडरच्या फोनमध्ये कुणी आतून काही फिरवलं असेल तर ते बँकेला लांबून कळायला मार्ग नसतो. पण भिंत न बघता फक्त कडी बघणाऱ्या तपासनिसाला हुशार म्हणावं, एवढा मोठेपणा लेखकाकडे नाही.)

बागाईतदार: घरच्या बियाला टॅग नाही, बिल नाही, म्हणून पीक उभं दिसत असताना साहेब म्हणतो हे बियाणंच नाही. तसलंच झालं. बरं, बँक सोड. ई-पीक पाहणीचं काय? 15 ऑगस्ट 2021 पासून सरकारनं आमच्याच गळ्यात घातलंय ते. बांधावर जाऊन मीच फोटो काढायचा, तोही जागेच्या खुणेसकट. नाही काढला तर सातबाऱ्यावर पीक कोरं. मग नुकसानीच्या वेळी बसा बोंबलत.

कारागीर: लिनिएजवर कॅमेरा, जीपीएस चालतं. अँड्रॉइडच आहे ते, कंपनीचा फापटपसारा काढलेलं. गूगलसुद्धा हवं असेल तर वेगळं टाकायचं, नको तर नको. सरकारी ॲप मात्र कुठल्या दिवशी काय मागेल याची हमी मी देत नाही. ती तर कंपनीच्या फोनवरसुद्धा देत नाही.

बागाईतदार: अन् याच्याहून अस्सल काही? पूर्ण घरचं?

कारागीर: (डोळे चमकतात) आहे की! पोस्टमार्केटओएस. अँड्रॉइड नाहीच, सरळ लिनक्स. 2017 ला सुरू झालं. फोन दहा वर्षं चाललाच पाहिजे, हा त्यांचा पण.

बागाईतदार: हे आवडलं. फोन लागतो?

कारागीर: मॉडेलवर आहे. कुठं लागतो, कुठं आवाज येत नाही.

बागाईतदार: कॅमेरा?

कारागीर: बऱ्याच फोनांवर नाही.

बागाईतदार: व्हॉट्सॲप?

कारागीर: सरळ नाही. त्यासाठी आत पुन्हा एक अँड्रॉइड बसवावं लागतं.

बागाईतदार: मग चालतं काय?

कारागीर: टर्मिनल. काळा पडदा, पांढरी अक्षरं. लई भारी पळतं.

बागाईतदार: तलाठ्याला काळा पडदा दाखवू? म्हणू, साहेब, ही माझी मोसंबी?

कारागीर: दोष त्या पोरांचा नाही, मामा. कॅमेऱ्याच्या, नेटवर्कच्या चिपा कशा चालवायच्या ते बनवणारे सांगतच नाहीत. अंदाजानं शोधत बसावं लागतं. उबुंटू टचवाले त्यातून पळवाट काढतात, खाली अँड्रॉइडचाच सांगाडा ठेवतात. ते कॅनोनिकल कंपनीनं 2017 ला सोडून दिलं, आता हौशी लोक सांभाळतात. हा ड्रॉवर बघा. (खडखडाट करत ड्रॉवर ओढतो.) इंटेक्स क्लाउड एफएक्स, 2014, किंमत 1,999 रुपये, आत फायरफॉक्स ओएस. हा यू युरेका, सायनोजेनवाला. त्या सायनोजेनच्या हक्कावरून मायक्रोमॅक्स आणि वनप्लस 2014 ला दिल्ली हायकोर्टात भांडले. आणि हा ॲक्वा फिश, 2016, फिनलंडच्या योला कंपनीची सेलफिश सिस्टीम.

बागाईतदार: सगळे मेले?

कारागीर: भारतातल्या बाजारात तरी. एकटं फायरफॉक्स ओएस मरता मरता वंश ठेवून गेलं. त्यातून कायओएस निघालं आणि 2017 ला जिओफोनात आलं.

बागाईतदार: जिओफोन? तो पंधराशे अनामतीवाला? तुझी मामी तर तोच वापरते!

कारागीर: मग मामी अँड्रॉइडशिवाय लिनक्सवर आहेत. तुमच्या कितीतरी आधीपासून.

बागाईतदार: हे घरी सांगू नकोस. आधीच ऐकत नाही ती.

कारागीर: आणि गंमत अजून पुढं आहे. बँकेचं काम तुम्हाला साध्या कीपॅडच्या फोनवरून करता येतं, जिओ सोडून. खात्याला जोडलेलं सिम टाका आणि स्टार नव्व्याण्णव हॅश दाबा. इंटरनेट नको, ॲप नको. आकडे दाबत जा, पैसे जातात.

बागाईतदार: त्या कीपॅडच्या फोनला प्ले काय ते, विचारत नाही कुणी?

कारागीर: कोण विचारणार? ते ॲपला विचारतात. इथं ॲपच नाही.

बागाईतदार: म्हणजे पडदा मोठा तर संशय मोठा. ठरलं मग. बँकेचं सिम कीपॅडमध्ये, आणि या फोनात लिनिएज. पण मला सांग, हे सांभाळणारी पोरं किती दिवस सांभाळतील?

कारागीर: प्रत्येक मॉडेलमागं एखाददोन माणसं असतात. आपली नोकरी करून रात्री हे. त्यांनी सोडलं आणि दुसरं कुणी पुढं आलं नाही, की त्या मॉडेलचं अपडेट बंद.

बागाईतदार: पगार?

कारागीर: नाही.

बागाईतदार: पत्ता काढ. मोसंबीचा एक क्रेट पाठवतो.

कारागीर: कुठल्या देशात राहतो तेही ठाऊक नसतं, मामा.

बागाईतदार: मग तो क्रेट तुला. अन् नातवाचा टॅबसुद्धा रखडत चालतो, त्यालाही तेच मारशील?

कारागीर: मॉडेल बघून सांगतो. सगळ्यांसाठी निघत नाही. आपल्या मॉडेलचं नेमकं नाव यादीत असेल तरच हात लावायचा. नावात एक अक्षर जास्त असलं तरी तो वेगळा फोन धरायचा. सरसकट टाकलं तर चालू होत नाही, मग मलाच बोलणी बसतात. आणि हे नीट ऐका. आज कुलपाचा अर्ज करून देतो, आठव्या दिवशी या. तोवर फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. आणि या हंगामाची पीक पाहणी आधी उरकून घ्या, याच जुन्या सिस्टीमवर. ती झाल्याशिवाय मी फोनला हात लावणार नाही.