जूचंद्रला सुया निघाल्या

आमच्या आत्याच्या हिशेबात माणसं दोनच प्रकारची. प्रवासात सुईदोरा बाळगणारी, आणि ऐन वेळी तो मागणारी. जूचंद्रला विहीणबाईंकडे जायचं ठरलं तेव्हा कपड्यांची पिशवी चुटकीसरशी भरली. सुयांचा डबा मात्र आदल्या रात्रीपर्यंत भरणं चालू होतं. मी सोबतीला, म्हणजे हमालीला.

डबा श्रीखंडाचा. आत फ्लॅनेलच्या तुकड्यांची वही, पानोपानी नंबरवार सुया खोचलेल्या. सुईचा नंबर चढला की अंग उतरतं. आमच्या खानदानात वय चढल्यावर असं कुणाचंच झालेलं नाही. दमट हवेत गंज धरू नये म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचं बोट पुसलेलं. गोधडीचं दाभण औषधाच्या रिकाम्या बाटलीत एकांतवासात. अँकरच्या लड्या, आठ-आठ मीटर, सहापदरी, पुठ्ठ्यांवर गुंडाळलेल्या. अंगुस्तान, कात्री, आणि सांडलेली सुई उचलायला झाकणाच्या आतून चिकटवलेलं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक.

दिव्याहून वसईची मेमू धरली. ही गाडी चुकली, तर पुढची येईस्तोवर स्वेटरची एक बाही विणून होते. कोपर गेलं, भिवंडी रोड गेलं आणि खारबावच्या अलीकडे समोरच्या बाईंच्या ब्लाउजचा हूक तुटला.

"कुणाकडे सुई आहे का हो?"

आत्याचा चेहरा उजळला. झाकण उघडलं. लोहचुंबकानं रात्रभरात आपलं काम चोख केलं होतं: नंबरवार वही मोकळी, आणि सगळ्या सुया झाकणाला एकगठ्ठा. एक ओढावी तर चार मागं येत. एक सुटली, तर तिचं नेढं इतकं बारीक की दोरा जाईना. जाड नेढ्याची मिळाली, तर कात्री तळाशी. तोवर त्या बाईंनी मंगळसूत्रातली सेफ्टी पिन काढून काम उरकलं आणि "राहू द्या हो" म्हणत कामण रोडला उतरल्याही.

जूचंद्र हे रांगोळी कलावंतांचं गाव. इथले हात चिमटीतून माणसाचा चेहरा असा उतरवतात, की बघणाऱ्याला तो फोटोच वाटावा. चंडिकादेवीचं देऊळ डोंगरावर. पायऱ्या चढताना आत्याच्या साडीचा फॉल पायात आला आणि हातभर उसवला. घरी येताच तिनं डबा मांडीवर घेतला.

"कशाला हो एवढा पसारा? थांबा," म्हणत विहीणबाई भिंतीकडे वळल्या. कालनिर्णयमध्ये, संकष्टीच्या चौकोनात, सुई खोचलेली. काळा दोरा इंग्रजी आठच्या आकारात तिच्याभोवती गुंडाळलेला. आत्याचं झाकण निघेपर्यंत फॉल शिवून, दोरा दातानं तोडून, सुई पुन्हा संकष्टीत!

"हरवत नाही का हो?" मी विचारलं.

"हरवेल कशी? दुसरी जागाच नाही तिला. महिना उलटला की पुढच्या पानावर."

परतीच्या गाडीत आत्या बराच वेळ गप्प होती. भिवंडी रोडला तिनं निकाल दिला.

"घरी ठीक आहे रे. पण प्रवासात कॅलेंडर टांगायचं कुठे?"