टीपीएम २.० साहेब, आपलं पद आमच्याकडे रिक्त आहे

प्रति,
मा. टीपीएम २.० साहेब,
(विंडोज ११ ला सक्तीची असलेली सुरक्षा-चिप; आमच्या मदरबोर्डवर अद्याप रुजू न झालेले)

विषय : चालू स्थितीतील घरगुती संगणक अपात्र ठरविल्याबाबत.
संदर्भ : 'हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही' ही पडद्यावर उमटलेली सूचना. जावक क्रमांक नाही, सही नाही, शिक्का नाही.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी मोताळा, जि. बुलडाणा येथील कायम रहिवासी असून सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आहे. उभी नोकरी टेबलाच्या आतल्या बाजूला काढली. आलेल्या अर्जात माणूस काय मागतोय ते सगळ्यात शेवटी वाचायचं, आधी काय जोडलेलं नाही ते हुडकायचं, ही आमची रीत. त्यामुळे आपली सूचना वाचून मला राग आला नाही. उलट, आपल्याच खात्यातला कुणी भेटावा तसं भरून आलं. यंत्र चालतं का, हे आपण विचारलंच नाही. त्याच्यावर पत्र टाइप होतं का, नातीच्या शाळेचा व्हिडिओ लागतो का, सौ.ला सकाळी शेगावची आरती दिसते का, कशाचीच चौकशी नाही. दाखला आहे? नाही ना? मग पुढचा. या विद्येत आम्ही स्वतःला मुरलेले समजत होतो. आपण आमचेही गुरू निघालात.

अर्जदाराची हकीकत थोडक्यात अशी. हा संगणक २०१४ साली बुलडाण्याला सुटे भाग निवडून जोडून घेतला आणि राजूर घाटातून एसटीत मांडीवर ठेवून खाली आणला. आमच्या जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख घाटावरचा की घाटाखालचा, अशी असते. हा त्या हिशोबाने जन्माने घाटावरचा, पण सगळी सेवा घाटाखाली झाली. चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची डिस्क. आला तेव्हा विंडोज ७ होती. पुढे १० फुकट मिळतेय म्हटल्यावर तीही घेतली. फुकटचं नाकारण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

ती विंडोज १० म्हणजे २९ जुलै २०१५ ला आलेली. त्याच वर्षी कंपनीच्याच एका माणसाने भर व्यासपीठावरून सांगितलं होतं की, ही विंडोजची शेवटची आवृत्ती. ही माझी शेवटची निवडणूक, असं सांगणारे पुढारी आम्ही पुष्कळ पाहिलेत, त्यामुळे तेव्हाच शंका यायला हवी होती. ५ ऑक्टोबर २०२१ ला ११ आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा आधार अधिकृतपणे संपला. म्हणजे यंत्र चालू राहणार, पण कुठे भोक पडलं तर ते बुजवायला आता कुणी येणार नाही. हां, मुदतवाढीची सोय आहे. मुदतवाढ नाही असा आदेश मी जन्मात पाहिलेला नाही. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची ठिगळं मिळतील. त्यासाठी एकतर ३० डॉलर भरा, नाहीतर बक्षिसाचे एक हजार गुण जमवा, तेही नसतील तर कंपनीच्या खात्यात नाव नोंदवून आपली सेटिंगं तिच्या ताब्यात द्या. सरळ पैसे मागितले असते तर कमी संशय आला असता.

आता आपल्याविषयी. साहेब, आपलं काम खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. कुलपांच्या किल्ल्या आपण स्वतःजवळ सांभाळता. कुणी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तर त्याला आतलं वाचता येऊ नये, आणि संगणक सुरू होता होता मधेच कुणी लबाडी केली तर ती नोंदली जावी, ही आपली ड्यूटी. रेल्वेत विसरल्या जाणाऱ्या लॅपटॉपला याची गरज आहेच. मलकापूर स्टेशनवर उतरताना बॅग गाडीतच राहिलेली माणसं मला ठाऊक आहेत. पण आमचा डबा टेबलाखाली, भिंतीला चिकटून. तो पळवायचा तर चोराला आधी मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर आणि यूपीएसच्या वायरींचा गुंता सोडवत बसावं लागेल, आणि तोवर सौ. त्याला चहा विचारतील. आत काय, तर तुरी-कपाशीच्या खर्चाचे हिशोब, लग्नांचे फोटो आणि माझे वेळोवेळी केलेले तक्रार अर्ज. ते अर्ज कुणीतरी वाचावेत हीच तर माझी जन्माची इच्छा आहे.

आपला नियम पूर्वलक्षी प्रभावाने लागू केला, हे मात्र आम्हा जुन्या कारकुनांनाही टोचलं. आपलं मानक निघालं २०१४ मध्ये. तयार विकल्या जाणाऱ्या नव्या यंत्रांवर आपली सक्ती झाली जुलै २०१६ पासून. आमचा संगणक त्याआधीच सेवेत दाखल झालेला. सेवेत असलेल्यांना जुना नियम, नव्यांना नवा, इतकी साधी गोष्ट पेन्शनच्या बाबतीत सरकारलासुद्धा पाळावी लागली.

माझा पुतण्या मलकापूरला कॉलेजात असतो, गावातल्या निम्म्या घरांची यंत्रं तोच बघतो. त्याने डब्याचं झाकण काढलं. आत एवढी धूळ आणि कापसाचे तंतू की पंख्याची पाती मोजता येईनात. ब्लोअरने ते उडवलं, मग रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात नातीच्या कंपासमधल्या खोडरबराने घासले, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, आणि म्हणाला, "काका, मशीन तं टणाटण हाये. इले काय धाड भरली?" मग टॉर्च खाली धरून त्याने मला बोर्डाच्या कडेला पिनांची एक रिकामी दुहेरी रांग दाखवली. शेजारी बारीक अक्षरांत आपलंच नाव छापलेलं. "जागा हाये काका, माणूस नाई."

साहेब, मी हेलावलो. पद मंजूर, खुर्ची तयार, नावाची पाटीसुद्धा लागलेली, आणि नेमणूक झालेली नाही! आमच्या तालुक्यात अशी किती पदं आहेत ते सांगायला बसलो तर हे पत्र लांबेल. मी लगेच म्हटलं, तो मोड्यूल मागवून बसवून टाकू. तर पुतण्या म्हणतो, उपयोग नाही. दाखला आणलात तरी वयाची अट आहेच. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, म्हणजे २०१७ किंवा त्यानंतरचा. एक त्रुटी पूर्ण केली की दुसरी निघावी, आणि ती पहिल्या पत्रात कळवू नये. हात जोडतो साहेब. ही कला तर आम्ही फक्त फार चिडलेल्या अर्जदारांसाठी राखून ठेवत असू.

कचेरीबाहेर झाडाखाली एजंट असतो, तसा तो इथेही आहेच. रुफस नावाचं एक छोटंसं सॉफ्टवेअर. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ लिहिताना ते आपणहून विचारतं : टीपीएमची अट काढून टाकू का? खूण करा, अट गेली. एक पैसा घेत नाही, त्यामुळे याला एजंट म्हणणं झाडाखालच्या मंडळींना कमीपणाचं वाटेल. पण अशा मागच्या दाराने आत घेतलेल्या यंत्राला पुढचे अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असं कंपनीने स्पष्ट लिहून ठेवलंय. म्हणजे शाळा चालवा, पण विनाअनुदानित. शिवाय चार जीबी रॅमवर ११ चालते म्हणजे चालत नाही. ब्राउझर उघडून आपण अंगणात चक्कर मारून यायचं. मी नको म्हटलं.

तर, त्रुटीची पूर्तता करणे शक्य नसल्याने, अर्जदाराने आपल्या कार्यालयाकडचा अर्ज मागे घेऊन तो दुसऱ्या खात्यात सादर केला आहे. खात्याचं नाव लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली. फी नाही. जन्मतारीख विचारत नाही. दोन जीबी रॅमवर उभं राहतं, चार असली तर बरं, असं तेच म्हणतात, आणि आता टाकलेल्या २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत आधार आहे. केरळातल्या सरकारी शाळांचे संगणक कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात. भारत सरकारच्या सी-डॅकनेही बॉस नावाचं लिनक्स काढलं. पण माझ्या कचेरीत कुणी त्याचं नाव काढलेलं मला आठवत नाही.

कार्यपद्धतीही नोंदवून ठेवतो, पुढच्या अर्जदारांना उपयोगी पडेल. गावातली रीत अशी : 'सी'वर फॉरमॅट मारतो काका, 'डी'ला हात लावत नाही, घाबरू नका. आणि घरातली सगळी माणसं सगळ्या गोष्टी ठेवतात डेस्कटॉपवर, जो असतो 'सी'मध्ये. या एका वाक्यावर तालुक्यातल्या किती लग्नांचे फोटो गेले असतील! पुतण्याने फॉरमॅटचं नावच काढलं नाही. जुनी डिस्क अलगद बाहेर काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि कपाटात ठेवली. तिच्या जागी नवीन एसएसडी. मग पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू केलं. काहीही न टाकता, न पुसता, आवाज येतो का, वाय-फाय लागतं का, पडदा नीट दिसतो का, ते आधी बघता येतं. पसंत पडलं तर टाका, नाहीतर पेनड्राइव्ह काढून घ्या. मुलगी पाहायला जाऊनही इतकी मोकळीक मिळत नाही.

एवढं झालं आणि एकही वेबसाइट उघडेना. कनेक्शन सुरक्षित नाही, प्रमाणपत्र अवैध, असा धोशा. मला वाटलं आपलाच हात आहे. पण कारण निघालं बोर्डावरचा सीआर २०३२ चा सेल, रुपयाएवढी चकती. ती मेलेली, त्यामुळे प्लग काढला की संगणक १ जानेवारी २०१३ मध्ये जागा होई, आणि तिथून बघितलं तर आजच्या सगळ्या साइटांची प्रमाणपत्रं अजून लागू व्हायची असतात. गंमत म्हणजे त्या तारखेला आपलं मानकही निघालेलं नव्हतं. साहेब, तो सेल तसाच राहू दिला असता तर आमच्या यंत्राच्या लेखी आपण अस्तित्वातच नव्हता, आणि मी अजून नोकरीत होतो. घड्याळाच्या दुकानातून नवीन सेल आणून हे वैभव संपवावं लागलं.

खरा घाम काढला तो मराठीने. माझी जुनी सगळी टिपणं डीव्हीबी-टीटी सुरेख या फाँटात. ते फाँट म्हणजे आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आणि वरून मराठीचा अंगरखा. फाँट नसला की अंगरखा गळून पडतो. भावाभावांतल्या वाटणीचा मसुदा उघडला, तर टोपी घातलेले इंग्रजी 'ए', उलटी प्रश्नचिन्हं आणि तापमानाच्या डिग्र्या. धाकटा भाऊ शेजारी बसला होता. मसुदा न्याहाळून म्हणाला, "दादा, ही वाटणी मले मान्य हाये." शेवटी कपाटातल्या डिस्कवरून फाँटची फाइल आणून मिंटच्या फाँटांत ठेवली, तेव्हा बांध पुन्हा जागेवर आला आणि भावाने संमती मागे घेतली.

नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर. टंकलेखन यंत्रावर मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास झालेली ही बोटं, 'ळ'साठी शिफ्ट धरून एन दाबायचा हे ऐकायला तयार नव्हती. त्यामुळे पहिल्या अर्जावर मी माझ्याच गावाचं नाव 'मोताला' असं लिहून मोकळा झालो. नात म्हणाली, आजोबा, हे कुठे आलं? इंग्रजी नकाशात आलं, म्हटलं.

सबब, आपल्या कार्यालयाने आमचं प्रकरण निकाली काढावं, ही विनंती. आपल्या नावाची ती पिनांची रांग मी झाकलेली नाही. कधी बदली होऊन घाटाखाली यावं लागलं, तर जागा आहे. फक्त येताना अर्जाचा नवा नमुना घेऊन या : संगणक चालतो का, हे विचारणारा रकाना त्यात असला पाहिजे.

आपला विश्वासू,
सेवानिवृत्त अव्वल कारकून, मोताळा

प्रत माहितीस्तव :
सौ. यांना, स्वयंपाकघर. आरती आता पहिल्या ओळीपासून ऐकू येते, ब्राउझर उघडेपर्यंत ती अर्धी होत नाही.
पुतण्यास, मलकापूर. खोडरबर नातीला परत करावा, ती रोज विचारते.
घरचा जुना लेझर प्रिंटर यास. त्याने मिंटला ओळखत नसल्याचं कळवलं असून स्वतःच्या ड्रायव्हरशिवाय एकही कागद हलवणार नाही, अशी भूमिका घेतली आहे. त्यामुळे प्रस्तुत पत्र हाताने लिहिलं आहे.